शांतता आणि सामाजिक न्यायासाठी कला करताय? मग फाउंडेशनकडे ग्रँट मागायची कशी

नाटक बसवताय, भिंती रंगवताय, गाणी लिहिताय, फोटो काढताय, विषय युद्धाचा आहे किंवा तुरुंगाचा किंवा मजुरीचा किंवा कुणाला तरी पिढ्यान् पिढ्या बाहेर ठेवल्याचा, आणि पैसे संपलेत. अशा वेळी ओळखीचं कुणीतरी म्हणतं, अगं अशा कामाला पैसे देणारी फाउंडेशन्स असतात, कर की अप्लाय. इथपर्यंत बरेच जण येतात आणि मग फॉर्म उघडून बघितला की हातपाय गळतात. म्हणून हे लिहितेय. मी अर्ज लिहिणाऱ्यांच्या बाजूला बसलेय आणि छोट्या निवड समित्यांवर अर्ज वाचणाऱ्यांच्या बाजूलाही, त्यामुळे दोन्हीकडून काय दिसतं ते सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट. शांतता आणि न्यायासाठीच्या कलेला पैसे देणाऱ्या संस्थेला शांतता आणि न्याय किती महत्त्वाचे हे पटवायची गरज नसते. त्यांना ते आधीच पटलंय, त्याशिवाय का त्यांनी संस्था काढली! तरी बहुतेक नवखे अर्ज पहिलं दीड पान "आजच्या द्वेषाच्या वातावरणात कलेची भूमिका" वगैरेवर घालवतात आणि प्रत्यक्ष काम काय, कुणासोबत, कुठे, कधी हे शेवटच्या चार ओळींत कोंबतात. वाचणाऱ्याला नेमकं त्या चार ओळींचंच पान हवं असतं. खाली जे काही सांगणार आहे ते याच एका गोष्टीभोवती फिरतं.

पैसा येतो कुठून ते आधी समजून घ्या

फाउंडेशन म्हटलं की लोकांना वाटतं पैशाची अथांग विहीर. तसं नसतं. ढोबळ दोन प्रकार. एकात कुणीतरी एकदाच मोठी रक्कम बाजूला काढून ठेवलेली असते, ती गुंतवलेली असते आणि तिच्यातून दरवर्षी थोडं थोडं वाटलं जातं. दुसऱ्यात संस्था स्वतःच दरवर्षी सरकार, लॉटरी, देणगीदार यांच्याकडून पैसे गोळा करते आणि पुढे देते. पहिल्या प्रकारात अमेरिकेतल्या खाजगी फाउंडेशन्सना कायद्याने दरवर्षी आपल्या गुंतवणुकीच्या साधारण ५ टक्के रक्कम खर्च करावी लागते. आता हिशोब करा: एखाद्या छोट्या कौटुंबिक फाउंडेशनकडे १० लाख डॉलर असतील तर वर्षाला ५० हजारच्या आसपास, त्यातून ऑफिसचा खर्च वजा जाता अडीच-अडीच हजाराच्या वीस ग्रँटसुद्धा निघत नाहीत. अशा ठिकाणी तुम्ही ३० हजार मागितले तर अर्ज कितीही सुंदर असो, तो बाजूला पडणार.

काही उदाहरणं म्हणजे अंदाज येईल. अमेरिकेत न्यू जर्सीमधलं पफिन फाउंडेशन १९८३ मध्ये सुरू झालं. पफिन हा समुद्रपक्षी, माणसाच्या अतिक्रमणामुळे त्याची घरटी करायची ठिकाणं धोक्यात आली होती आणि लोकांच्याच प्रयत्नांनी तो परत आला, त्यावरून हे नाव. वंश, लिंग किंवा सामाजिक विचारांमुळे ज्यांना मुख्य प्रवाहात जागा मिळत नाही अशा कलाकारांना ते छोट्या रकमा देतात, अमेरिकेतल्या कलाकारांनाच. आता याच्या अगदी उलट टोक बघा. २०१७ मध्ये संग्राहक अॅग्नेस गुंड यांनी रॉय लिक्टनस्टाइनचं एक चित्र १६.५ कोटी डॉलरला विकलं आणि त्यातले १० कोटी आर्ट फॉर जस्टिस फंडात घातले, उद्देश एकच, अमेरिकेतली बेसुमार तुरुंगवासाची व्यवस्था बदलणं, आणि मुदत ठरवूनच सुरू केला होता, २०२३ मध्ये तो बंदही झाला. म्हणजे फंड संपणाराही असतो हे लक्षात ठेवा, जुनी माहिती वाचून अर्ज करू नका.

नेदरलँड्समधला प्रिन्स क्लॉस फंड १९९६ चा. त्यांचे सीड अवॉर्ड्स म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यातल्या कलाकारांना ५ हजार युरो, तेही कलाकाराला हवे तसे वापरायला. युनेस्कोच्या सांस्कृतिक विविधता निधीची झेप मात्र १ लाख डॉलरपर्यंत जाते, पण तो एकट्या कलाकाराला मिळत नाही, संस्थेला लागतो, आणि कागदपत्रांचा डोंगर वेगळाच. नवख्याने कुठून सुरुवात करावी हे मी सांगायला नको.

मग यादी करा, पण छोटी

नवीन माणूस काय करतो, चाळीस ठिकाणांची यादी करतो आणि एकच अर्ज कॉपी-पेस्ट करून सगळीकडे पाठवतो. वाचणाऱ्याला ते दुसऱ्या ओळीत कळतं, कधी कधी तर दुसऱ्याच फाउंडेशनचं नाव तसंच राहिलेलं असतं (हसू नका, असे अर्ज खरंच येतात). चार-पाच ठिकाणं निवडा आणि त्यांचा नीट अभ्यास करा.

अभ्यास म्हणजे काय, तर त्यांनी आधी कुणाला पैसे दिलेत ते बघा. मिशनचं पान सगळ्यांचं सारखंच गोड असतं, खरी आवड कळते ती दिलेल्या ग्रँटच्या यादीतून. अमेरिकेतल्या खाजगी फाउंडेशन्सना दरवर्षी फॉर्म ९९० पीएफ भरावा लागतो, तो सार्वजनिक असतो आणि त्यात कुणाला किती दिले याची यादी असते, फुकट बघायला मिळते. इंग्लंड-वेल्समधल्या संस्थांचे हिशोब चॅरिटी कमिशनच्या, म्हणजे धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, रजिस्टरवर सापडतात. एक संध्याकाळ यात घालवा. किती रक्कम सहसा देतात, एकाच माणसाला परत परत देतात का, नाटकाला देतात की फक्त दृश्यकलेला, आपल्या देशाबाहेर कधी दिलेत का, सगळं तिथे दिसतं. यादीत गेल्या तीन वर्षांत एकही फिल्म नसेल आणि तुम्ही फिल्म घेऊन चालला असाल तर पाय आवरा.

आणि काय देत नाहीत ते आधी वाचा. पात्रतेच्या पानावर खाली बारीक अक्षरात असतं: आधीच पूर्ण झालेलं काम नको, कॉलेजची फी नको, नुसती उपकरणं नको, नुसता प्रवास नको. ते लोक खरंच तसं वागतात, "माझं बघून अपवाद करतील" असं होत नाही.

एक अवघड प्रश्न इथेच स्वतःला विचारून घ्या: हा पैसा मला चालेल का? पैसा कुठून आला याला या क्षेत्रात फार महत्त्व आहे. फोटोग्राफर नॅन गोल्डिन यांनी २०१७ मध्ये सॅकलर कुटुंबाच्या विरोधात गट उभा केला, कारण त्या कुटुंबाची संपत्ती ओपिऑइड, म्हणजे व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांच्या धंद्यातून आली होती आणि जगभरच्या म्युझियमवर त्यांची नावं झळकत होती. म्युझियममध्येच आंदोलनं झाली, आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने ते नाव आपल्या दालनांवरून काढलं. तुम्ही कारखान्यातल्या प्रदूषणावर नाटक करताय आणि पैसे त्याच धंद्यातून आलेत असं पुढे निघालं तर तुमच्यासोबत काम करणाऱ्या माणसांना तोंड कसं दाखवणार, हे अर्ज करण्याआधी बघायचं.

एकट्याने अर्ज करायचा की संस्थेच्या नावाने

इथे खूप जण अडकतात. अनेक फाउंडेशन्स एकट्या व्यक्तीला पैसे देतच नाहीत आणि लोकांना वाटतं कलाकारांवर विश्वास नाही. कारण बरंचसं कायद्याचं असतं. अमेरिकेत खाजगी फाउंडेशनला व्यक्तींना अभ्यास, प्रवास वगैरेसाठी ग्रँट द्यायची तर निवडीची पद्धत कर खात्याकडून आधी मंजूर करून घ्यावी लागते, छोट्या संस्था त्या भानगडीत पडत नाहीत, नोंदणीकृत संस्थांनाच देऊन मोकळ्या होतात.

मग तिकडे उपाय असा की एखादी नोंदणीकृत संस्था तुमची पालक-संस्था बनते: ग्रँट तिच्या नावावर येते, ती थोडे टक्के कापून घेते आणि तुम्हाला पैसे देते, हिशोब तीच सांभाळते. याला तिथे फिस्कल स्पॉन्सर म्हणतात. चांगली सोय आहे पण लेखी करार करा, किती टक्के, पैसे किती दिवसांत देणार, भांडण झालं तर प्रोजेक्ट कुणाचा.

परदेशातून पैसा येणार असेल तर तुमच्या देशाचा कायदा आधी बघा. भारतात एफसीआरए, म्हणजे २०१० चा परदेशी देणगी कायदा, लागू होतो आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो बराच कडक झालाय. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी, पैसा पहिल्यांदा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर नको, आणि एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्याला पुढे देता येत नाही. म्हणजे वर सांगितलेला पालक-संस्थेचा उपाय इथे सरळ लावता येत नाही. अर्ज करायच्या आधी, पैसे मंजूर झाल्यावर नाही, हे काम कळणाऱ्या सीएला भेटा.

कुठली शांतता?

आता लिहायला बसा. पण पहिली ओळ लिहिण्याआधी हे ठरवा. योहान गाल्टुंग नावाचे नॉर्वेचे अभ्यासक, शांतता-संशोधन हा विषय ज्यांनी उभा केला त्यांच्यापैकी एक. त्यांनी १९६० च्या दशकात एक फरक मांडला जो अर्ज लिहिताना फार कामाला येतो. मारामारी थांबली, गोळ्या चालत नाहीत, ही एक शांतता. आणि ज्या रचनेमुळे काहींना दवाखाना, जमीन, शिक्षण मिळतच नाही ती रचना बदलणं ही दुसरी शांतता. पहिलीला त्यांनी नकारात्मक म्हटलं, दुसरीला सकारात्मक.

तुमचं काम यातलं कुठलं? दंगलीनंतर एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन गटांना एका खोलीत आणणं हे एक काम. सफाई कामगारांच्या मजुरीवर पोस्टर्स करणं हे दुसरं, त्यात भांडण वाढूही शकतं, आणि न्यायासाठी ते वाढणं गरजेचंही असू शकतं. दोन्ही चांगली कामं आहेत पण दोन्हीचे फंड वेगळे असतात, वाचणारे वेगळे असतात. "शांतता, सलोखा, समता, मानवता" अशी माळ ओवली की वाचणाऱ्याला कळतं यांनी अजून ठरवलेलं नाही.

कामाचं वर्णन, इथेच सगळं ठरतं

समजा एका नदीच्या दोन काठांवर दोन वस्त्या आहेत, दंगलीनंतर पलीकडे जाणं-येणं बंद झालंय, आणि तुम्हाला तिथल्या तरुणांसोबत नाटक करायचंय. नवखा अर्ज असा येतो: "या प्रकल्पाद्वारे नाट्यकलेच्या माध्यमातून तरुणांमध्ये बंधुभाव रुजवून समाजात संवादाचे सेतू निर्माण करण्याचा मानस आहे." आता हेच असं लिहा: "दोन्ही वस्त्यांतले सात-सात, असे १४ तरुण. आठवड्यातून दोन संध्याकाळी, चार महिने. पहिले सहा आठवडे दोन्ही गट आपापल्या बाजूला वेगळे भेटतील, कारण एकत्र यायला अजून घरचे तयार नाहीत, मग पुलाजवळच्या शाळेत एकत्र. ३० मिनिटांचं नाटक, तीन प्रयोग या काठावर, तीन त्या काठावर, प्रत्येक प्रयोगानंतर चर्चा. शाळेच्या मुख्याध्यापकांची लेखी परवानगी सोबत जोडली आहे."

यात एकही मोठा शब्द नाही आणि वाचणारा खुर्चीत पुढे सरकून बसतो. खासकरून त्या "घरचे तयार नाहीत" वर. कारण त्यावरून कळतं की हा माणूस तिथे गेलाय, लोकांशी बोललाय.

पद्धतही सांगा, नुसतं "कार्यशाळा घेऊ" नको. तुम्ही फोरम थिएटर करणार असाल तर ते कसं चालतं हे दोन वाक्यांत लिहा: अन्याय सोसणारं पात्र हरतं असा छोटा प्रसंग दाखवायचा, मग तोच पुन्हा सुरू करायचा आणि प्रेक्षकांतून कुणीही "थांबा" म्हणून त्या पात्राच्या जागी येऊन वेगळं काही करून बघायचं, मध्ये सूत्र सांभाळणारा एक माणूस. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत घडवली, आज जगभर चालते. वाचणाऱ्यांत कुणी नाट्यवाला नसेल तर त्याला हे माहीत असेलच असं धरून चालू नका.

आणि "मीच का" याचं उत्तर. पुरस्कारांची यादी नकोय. तुमचा या जागेशी, या लोकांशी काय संबंध, किती काळ, त्यांनी तुम्हाला बोलावलंय की तुम्ही स्वतःहून चाललाय. बाहेरचे असाल तर तसं सरळ लिहा आणि आतला कोण सोबत आहे, त्याला निर्णयात किती वाटा आहे, पैशात किती वाटा आहे ते लिहा. ज्या अर्जात "लाभार्थी" म्हणून २०० माणसं असतात आणि त्यातल्या एकालाही काही ठरवायचा अधिकार नसतो, तो अर्ज माझ्या हातात आला की मी थंड पडते, आणि मी एकटीच तशी नाही.

माणसांना इजा होणार नाही ना

पूर्वी हे फॉर्मवर नसायचं, आता बऱ्याच ठिकाणी विचारतात, आणि विचारलं नसेल तरी लिहा. ज्यांनी हिंसा भोगली त्यांच्याकडून त्यांची गोष्ट काढून घेऊन तुम्ही त्यावर प्रदर्शन भरवणार, तर त्या माणसाला नको वाटलं तर मधेच बाहेर पडता येईल का? फोटो कुठे जाणार? नाव छापायचं की नाही कोण ठरवणार? पुन्हा पुन्हा तीच आठवण सांगायला लावून कुणाची झोप उडाली तर कुणाला फोन करायचा?

चिलीतल्या बायकांचं उदाहरण मला नेहमी आठवतं. १९७३ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली, हजारो लोक पकडले गेले, अनेक जण परत आलेच नाहीत. त्यांच्या आया-बायका-बहिणींनी तागाच्या कापडावर चिंध्या शिवून चित्रं केली, त्यात तुरुंग, रांगा, "ते कुठे आहेत" असा प्रश्न. आर्पियेरा म्हणतात त्यांना. चर्चच्या विकारिया दे ला सोलिदारिदाद या संस्थेने त्यांच्या वर्कशॉपना आधार दिला, कापडं विकत घेतली, ती परदेशात पोचवली आणि पैसे त्या बायकांच्या हातात गेले. बहुतेक कामांवर सही नसायची, कारण सही म्हणजे धोका. आधार देणाऱ्या संस्थेने काय करायचं असतं ते यात जवळजवळ सगळं आहे: जागा, साहित्य, विक्री, रोजी, आणि नाव झाकून ठेवणं.

तुमच्या कामात खरंच धोका असेल तर अर्जात किती उघड लिहायचं याचाही विचार करा. अर्ज अनेक जण वाचतात, निवड झाली की नाव आणि सारांश वेबसाइटवर टाकतात. नाव न टाकता ग्रँट मिळेल का असं आधीच ईमेल करून विचारा, अनेक फाउंडेशन्स तयार होतात. कलाकारालाच जीव वाचवून बाहेर पडायची वेळ आली तर त्यासाठी वेगळी नेटवर्क्स आहेत, आयकॉर्न हे त्यातलं एक, २००६ पासून लेखक-कलाकारांना आश्रय देणाऱ्या शहरांचं. प्रोजेक्ट ग्रँटमधून ते होत नाही.

बजेट

लोकांना याचीच सगळ्यात भीती आणि खरं तर हाच सगळ्यात सोपा भाग, कारण वरचं वर्णन नीट लिहिलं असेल तर बजेट त्यातूनच पडतं. १४ जण, आठवड्याला दोनदा, चार महिने, म्हणजे ३०-३५ तालमी. प्रत्येक तालमीला जागा, चहापाणी, येण्याजाण्याचा खर्च. सहा प्रयोग. झालं.

स्वतःचं मानधन लिहा. हो, लिहाच. "मी हे सेवाभावाने करतोय" असं लिहिलं की समिती खूश होईल असं वाटतं, पण होतं उलट, वाचणारा विचार करतो की मग हा माणूस चार महिने जगणार कशावर, मधेच सोडून जाणार की काय. न्यूयॉर्कमध्ये २००८ मध्ये कलाकारांनीच डब्ल्यू ए जी ई नावाचा गट काढला तो याचसाठी, की संस्था भिंतींना, लाइटला, कॅटलॉगला पैसे देतात आणि कलाकाराला मात्र "एक्स्पोजर". सामाजिक न्यायाच्या प्रोजेक्टमध्ये फुकट राबवलेली माणसं असणं बरं दिसत नाही, आणि हे सहभागी लोकांनाही लागू आहे. रोजंदारीवर जगणारा माणूस तालमीला आला तर त्याची मजुरी बुडते, ती भरून द्या आणि तशी ओळ बजेटमध्ये दाखवा.

बाकी छोट्या गोष्टी पटापट. बँकेचे चार्जेस आणि चलनाचा दर धरा, परदेशातून येणारी रक्कम हातात पडेपर्यंत कमी होते. ऑफिस खर्च बऱ्याच ठिकाणी १० ते १५ टक्क्यांपर्यंतच चालतो, मर्यादा वाचा. फुकट मिळालेली जागा, मित्राने दिलेला कॅमेरा हे सुद्धा उत्पन्नाच्या बाजूला वस्तुरूपाने दाखवा, म्हणजे इतरांचाही विश्वास आहे हे दिसतं. अडीअडचणीला म्हणून थोडी रक्कम वेगळी ठेवा. गोल गोल आकडे लिहू नका, "प्रिंटिंग ५०००, प्रवास ५०००, इतर ५०००" असं दिसलं की अंदाजपंचे आहे हे लगेच कळतं. आणि बेरीज तपासा, बेरीज चुकलेले अर्ज किती येतात सांगून खरं वाटणार नाही.

पूर्ण रक्कम एका ठिकाणाहून मिळणार नसेल तर कमी पैशात काय होईल तेही लिहा. "अर्धे मिळाले तर सहाऐवजी दोन प्रयोग" अशी एक ओळ समितीला फार आवडते कारण त्यांना पैसे वाटून द्यायचे असतात.

राजकारणाची रेघ

या विषयात हे येतंच. अमेरिकेत धर्मादाय दर्जाच्या संस्थांना कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करायला पूर्ण बंदी आहे, आणि खाजगी फाउंडेशन विशिष्ट विधेयकासाठी लॉबिंग, म्हणजे आमदार-खासदारांचं मन वळवणं, करायला म्हणून पैसे देऊ शकत नाही. ब्रिटनच्या २०११ च्या चॅरिटीज कायद्यात कला आणि संस्कृतीचा प्रसार आणि मानवी हक्क, संघर्ष मिटवणं, सलोखा हे दोन्ही धर्मादाय उद्देश म्हणून नावानिशी दिलेत, पण पक्षाचं राजकारण तिथेही चालत नाही. म्हणजे बेघरांच्या प्रश्नावर नाटक करा, लोकांना बोलू द्या, सत्तेला प्रश्न विचारा, सगळं चालतं. "अमुक पक्षाला पाडा" असा शेवट त्यांच्या पैशातून चालत नाही.

गंमत म्हणजे वर सांगितलेले बोआल स्वतः १९९३ ते १९९६ रिओ शहराचे नगरसेवक होते आणि नाटकातून लोकांनी सुचवलेल्या गोष्टींचे तेव्हा १३ कायदे झाले. तो मार्ग अफलातून आहे, पण त्यातला कुठला भाग फाउंडेशनच्या पैशातून करायचा आणि कुठला नाही हे आधी विचारून घ्यावं लागेल.

परिणाम काय होईल, हे लिहिताना

"या नाटकामुळे हिंसा ४० टक्क्यांनी कमी होईल" असं लिहू नका. कुणी विश्वास ठेवत नाही. ऑर्केस्ट्रा चालवणारे संगीतकार डॅनियल बारेनबॉइम आणि पॅलेस्टिनी-अमेरिकन विचारवंत एडवर्ड सईद यांनी १९९९ मध्ये इस्रायली आणि अरब तरुण वादकांचा ऑर्केस्ट्रा सुरू केला, वेस्ट-ईस्टर्न दिवान, जगभर त्याला शांततेचा ऑर्केस्ट्रा म्हणतात आणि खुद्द बारेनबॉइम सांगत आलेत की याने शांतता येणार नाही, हा एकमेकांविषयीच्या अज्ञानाविरुद्धचा प्रयत्न आहे. एवढ्या मोठ्या माणसाने एवढाच दावा केला असेल तर आपण चार महिन्यांच्या नाटकावर किती ओझं टाकायचं?

जे मोजता येईल ते लिहा. किती जण शेवटपर्यंत टिकले, दुसऱ्या काठावरून प्रयोगाला किती आले, चर्चेत कोण बोललं आणि कोण गप्प राहिलं, प्रोजेक्ट संपल्यावर तो गट भेटत राहिला का. कसं मोजणार तेही एका ओळीत, वहीत नोंद, शेवटी प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलणं, एवढं पुरतं.

कामाचे नमुने आणि बाकी कागद

तीन मिनिटांचा व्हिडिओ सांगितला तर तीनच मिनिटांचा. संगीत लावून केलेला झगमगीत ट्रेलर नको, एक सलग प्रसंग द्या, समितीला तुमची कला बघायचीये. अर्ज कितीही न्यायाचा असला तरी कला कच्ची असेल तर तो मागे पडतो, हे कुणी तोंडावर बोलत नाही पण खोलीत बोललं जातं. लिंक दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा, पासवर्ड असेल तर तो अर्जात लिहा. फोटोखाली कुठे, कधी, तुमचं त्यात काम काय.

शिफारसपत्र मोठ्या नावाचं असण्यापेक्षा तुमच्यासोबत काम केलेल्याचं असू द्या. वस्तीतल्या एखाद्या कार्यकर्त्याचं साधं पत्र चालतं, उलट तेच लक्षात राहतं. डेडलाइन कुठल्या टाइमझोनची ते बघा. शेवटच्या रात्री साइट बसते.

पाठवल्यानंतर

उत्तर "नाही" आलं तर छोटं ईमेल करा, आभार माना आणि अर्जात काय कमी पडलं हे सांगता येईल का विचारा. काही जण सांगतात, काही नाही. वाद घालू नका, समिती पुढच्या वर्षी बदलते आणि तुमचं तेच काम वेगळ्या लोकांसमोर जातं. किती काळाने परत अर्ज करता येतो ते मात्र गाइडलाइन्समध्ये बघा, काही ठिकाणी एक वर्ष, काही ठिकाणी जास्त.

उत्तर "हो" आलं तर सही करण्याआधी करार वाचा. कामाचे हक्क कुणाकडे राहणार, ते तुमच्याकडेच राहायला हवेत, फाउंडेशनला फार तर फोटो आणि सारांश वापरायची परवानगी. हप्ते कसे, बहुतेक वेळा थोडी रक्कम शेवटचा रिपोर्ट दिल्यावर मिळते, म्हणजे तेवढे पैसे तुम्हाला आधी स्वतः फिरवावे लागणार. पोस्टरवर त्यांचा लोगो लावायचा असेल तर त्या वस्तीत तो लोगो दिसणं चालेल का, तेही बोलून घ्या.

पैसे आल्याच्या दिवसापासून पावत्या ठेवा, प्रत्येकीचा फोनवर फोटो काढून एका फोल्डरमध्ये टाका, ज्या रिक्षावाल्याकडे किंवा मांडववाल्याकडे पावती मिळत नाही तिथे कागदावर रक्कम, तारीख, कारण लिहून सही घ्या. काही बदललं, शाळेने जागा नाकारली, चार मुलं सोडून गेली, तर तेव्हाच फाउंडेशनला कळवा. खर्चाच्या ओळी इकडच्या तिकडे करायच्या असतील तर आधी ईमेलने विचारा आणि उत्तर आल्यावरच खर्च करा, ते ईमेल त्याच फोल्डरमध्ये ठेवा, शेवटच्या रिपोर्टला लागतं.